खिडकीची सीट

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आठ दिवस आमच्या घरात वजनकाट्याचं राज्य होतं. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. नणंदेचं दुसरं बाळंतपण, त्यामुळे डिंकाचे लाडू, अळीव, खारकेची पूड, बाळंतशेपा, दुपटी, टोपडी... एक वस्तू आत गेली की दुसरी बाहेर यायची. "मेतकूट राहू दे, शेवया काढ." "अगं, शेवयांना वजन असतं का?" अशी खडाजंगी रोज रात्री. शेजारणींनीसुद्धा काही ना काही आणून दिलं. या सगळ्या गडबडीत एका गोष्टीचा विचार मात्र आमच्यापैकी एकानंही केला नाही. त्या दोन बॅगांबरोबर जे माणूस जाणार होतं, त्याच्या पायांचा!

मी सांगलीची. आमच्याकडून अमेरिकेला जायचं म्हणजे विमान मुंबईहून सुटतं हे खरं, पण प्रवास सांगलीपासूनच सुरू होतो. दुपारी तीनला मोटारीत बसलं की रात्री अकराला विमानतळ. तिथं चार-पाच तास. मग दुबईपर्यंत तीन तासांचं विमान, तिथं चार तास ताटकळायचं, मग न्यूयॉर्कपर्यंतचे चौदा तास. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि शेवटी न्यू जर्सीत एडिसनपर्यंत पुन्हा मोटार. आमच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंत छत्तीसेक तास, आणि त्यातले बहुतेक सगळे बसून. पण "विमानात काय, बसून तर जायचं!" असंच आम्ही सगळे म्हणत होतो.

मी मोठ्या हौसेनं दोन गोष्टी केल्या. एक, ह्यांच्या मागे लागून सासूबाईंसाठी खिडकीची सीट घ्यायला लावली. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब चालल्यात, ढग तरी बघू देत! आणि दुसरी, निघताना त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "आई, पाणी जरा बेतानंच प्या हं. विमानातला तो संडास इतकासा असतो म्हणे. साडी सावरत कुठं जाताय सारख्या?"

त्यांना ते लगेच पटलं. पटणारच. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं.

एडिसनला पोचल्यावर फोन आला, "सुखरूप पोचले." पाय सुजलेत म्हणाल्या, पण ते काय, प्रवासानं सुजतातच. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. त्यांनी तिळाचं तेल चोळलं. चौथ्या दिवशी पोटरी लाल, गरम आणि उजवीपेक्षा चांगली दीडपट दिसायला लागली. आई आपल्यापासून पाय लपवतेय हे नणंदेच्या लक्षात आलं, नशीबच म्हणायचं. नववा महिना भरत आलेली ती पोरगी आईला घेऊन इस्पितळात गेली. सोनोग्राफीत पोटरीच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, ज्याला डॉक्टर डीव्हीटी म्हणतात. गुठळी पायातच राहिली तर दुखणं, पण तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात गेला तर जिवाशी गाठ. आणि पायाला तेल चोळणं हे तर अशा वेळी मुळीच करायचं नसतं.

गाठ वाढू नये म्हणून औषधं लगेच सुरू झाली. तिचा तुकडा कुठं गेला नाही, सगळं वेळेत झालं. प्रवासविमा होता, तोही नणंदेनं हट्टानं काढायला लावलेला, नाहीतर तिथलं बिल आमच्या बापजन्मी फिटलं नसतं. आठ दिवसांनी नात झाली. पण बाळंतपण करायला गेलेल्या आईचंच बाळंतपण लेकीला करावं लागलं, असं झालं. डिंकाचे लाडू जावयांनी खाल्ले.

मला खरा धक्का बसला तो नंतर एकदा फोनवर बोलताना. मी रडवेली होऊन विचारलं, "आई, एवढ्या चौदा तासांत तुम्ही एकदाही उठला नाहीत?" तर त्या अगदी कौतुकानं म्हणाल्या, "नाही बघ! तू सांगितलंस तसं घोट-घोटच पाणी प्याले. शेजारी दोघं गाढ झोपलेले, त्यांना कशाला उठवायचं? उठावं लागलंच नाही मला."

त्या मला शाबासकी देत होत्या! मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

मी बचत गटांचं आणि महिला मंडळाचं काम गेली अठरा-वीस वर्षं करते. गावोगावी बायकांना आरोग्यावर चार गोष्टी सांगते. सहलीला निघालेल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मी शंभरदा बघितलंय. एसटीच्या लाल डब्यातून मिरज-पंढरपूर करणारी बाई स्टँडवरच्या त्या मुतारीपेक्षा तहान परवडली म्हणते. लग्नाच्या वऱ्हाडात पुरुष मंडळी गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि बायका "आम्हाला नाही जायचं" म्हणत गाडीतच बसून राहतात. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांनी स्वच्छतागृहांसाठी आंदोलन चालवलं, त्यावर मी आमच्या मंडळात बोललेही होते. आणि घरात? घरात मी माझ्या सासूला सांगितलं, पाणी बेतानं प्या. जिथं दहा पावलांवर स्वच्छ, मोफत, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे, अशा ठिकाणीही आपल्या बाईनं एसटीचीच शिस्त पाळावी, हे मीच शिकवून पाठवलं.

आमच्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं, "पाणी कमी प्यायल्यानं झालं का हो हे?" ते म्हणाले, "तसं थेट म्हणता यायचं नाही. खरा दोष हलचाल न करण्याचा. गुडघे दुमडून तासन्‌तास बसलं की पोटरीचे स्नायू काम करत नाहीत. पायातलं रक्त वर ढकलणारा पंप म्हणजे हे स्नायूच. तो पंप बंद पडतो, रक्त साचून राहतं. पण तुमच्या सासूबाई भरपूर पाणी प्यायल्या असत्या ना, तर त्यांना चार वेळा उठावंच लागलं असतं!" एवढं साधं आहे ते. मी पाणी तोडलं म्हणजे त्यांचं उठणंच तोडलं.

हे दुखणं विमानाचंच असं नाही बरं का. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत होते तेव्हा लोक रात्र-रात्र आसऱ्याच्या जागी खुर्च्यांवर बसून काढत. त्यांच्यात फुप्फुसात गुठळी जाऊन अचानक मरण येण्याचे प्रकार वाढले, हे कीथ सिम्पसन नावाच्या न्यायवैद्यक तज्ज्ञानं 'लॅन्सेट' या नियतकालिकात तेव्हाच नोंदवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये या विषयावरचा मोठा अहवाल काढला. त्यात म्हटलंय की चार तास किंवा जास्त बसून प्रवास केला, मग तो विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा की मोटारीचा, तर हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरून जाऊ नका, धडधाकट माणसात दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एखाद्यालाच होतो. पण सगळेच धडधाकट कुठे असतात? वजन जास्त असलेले, कर्करोगाचे रुग्ण, नुकतंच ऑपरेशन झालेले, आधी गुठळी झालेले, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, गरोदर आणि नुकत्या बाळंत झालेल्या बायका, यांना तो अधिक. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे प्रवासाला निघताना चण्या-फुटाण्यासारख्या घेतात, त्याही हार्मोनच्याच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबच्या विमानप्रवासात त्या नकोतच.

आणि एक गंमत (गंमत कसली!) त्या अभ्यासात निघाली. फार उंच माणसांना धोका, हे समजण्यासारखं आहे, पाय आखडतात. पण विमानात ज्यांची उंची १६० सेंटीमीटरपेक्षा कमी, त्यांनाही धोका जास्त. म्हणजे सव्वापाच फुटांच्या आतली माणसं. आपल्या आज्यांपैकी कितीजणी याच्यावर आहेत, सांगा बरं! त्यांचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. लोंबकळत राहतात आणि सीटची कड मांडीच्या मागे रुतते. म्हणून आता मी प्रत्येकीला सांगते, हातातली पिशवी वर त्या कप्प्यात टाकू नका. विमान वर स्थिरावलं की ती पायाखाली घ्या, पाट घेतल्यासारखी. फक्त जायच्या-यायच्या वाटेत येऊ देऊ नका.

सासूबाई तीन महिन्यांनी औषधं घेत-घेत, डॉक्टरांच्या परवानगीनं परत आल्या. येताना मधली नाही, खिडकी नाही, कडेची सीट! त्यानंतर मी आमच्या मंडळात एक उद्योग सुरू केला. परदेशी निघालेल्या आज्यांची शिकवणी. सांगलीसारख्या गावात आता घरटी नाही तरी गल्लीटी एक मूल बाहेर आहे, त्यामुळे विद्यार्थिनींचा तुटवडा नाही. मंडळाच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या तीन-तीनच्या दोन रांगांत मांडायच्या. पुढच्या खुर्चीची पाठ आणि मागच्या खुर्चीची पाठ यांत एकतीस इंच अंतर, टेपनं मोजून. विमानात साधारण तेवढंच असतं. तिथं आज्यांना बसवायचं. पहिल्यांदा सगळ्या हसतात. दहा मिनिटांनी "बाई, गुडघा आखडला," सुरू होतं. मग मी म्हणते, "आता आतल्या आजींना बाहेर जायचंय. कडेच्या काकू झोपल्यात. उठवा."

आणि इथं गाडी अडते. चांगल्या शाळा चालवून निवृत्त झालेल्या, पोरांना छडीनं सरळ केलेल्या बायका परक्या माणसाच्या खांद्याला हात लावायला कचरतात. गावभागातल्या एक आजी म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाला उठवलं तर पाप लागतं गं." मी म्हटलं, "आजी, त्याचं पाप माझ्या खात्यावर टाका, पण उठवा." 'एक्स्क्यूज मी' ही दोन अक्षरं आम्ही आरतीसारखी दहादा म्हणतो. 'वॉटर प्लीज' पण. विमानातल्या मुली दर वेळी छोटा पेला देतात, तो आपल्या दोन घोटांचा. म्हणून रिकामी बाटली न्यायची, सुरक्षा तपासणी झाल्यावर विमानतळावर भरायची आणि विमानात त्यांच्याकडून पुन्हा भरून घ्यायची. त्यांचं ते कामच आहे, उपकार नाहीत.

आता तो संडास. स्पष्टच लिहिते, कारण याच भीतीनं निम्म्या बायका अडून बसतात. दार आपल्यासारखं उघडत नाही, बऱ्याच विमानांत ते मधोमध दुमडतं, मध्ये दाबायचं. आत गेल्यावर कडी नीट सरकवली की दिवा लख्ख लागतो, तोवर मिणमिणता असतो. फ्लशचा आवाज केवढ्यांदा होतो, दचकू नका, काही मोडलेलं नसतं. पाण्याची सवय असेल तर कागदी पेला बरोबर न्या, बेसिनमधून भरून घ्या. अनवाणी जाऊ नका, खाली ओलं असतं आणि ते पाणीच असेल असं नाही. आणि जेवणाच्या गाड्या वाटेत येण्याआधी जाऊन या. एकदा त्या गाड्या निघाल्या की अर्धा-पाऊण तास वाट बंद. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला जास्त होतं, म्हणून प्रवासाच्या दिवशी ती गोळीच गाळणाऱ्या दोघी मला भेटल्या! असं करू नका. वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण घड्याळ साडेनऊ-साडेदहा तास मागे जातं आणि डोसाचं गणित बदलतं. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. सामानाच्या बॅगेत ते गोठून वाया जाऊ शकतं.

नाक-घसा कोरडा का पडतो, तेही सांगते. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जातं. आतली हवा दाबून आपल्याला श्वास घेता येईल अशी केलेली असते, पण समुद्रसपाटीसारखी नाही, सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे चौदा तास आपण कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो! दमा, हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना का विचारायचं, ते यातून कळेल. आणि हवा इतकी कोरडी की तिच्यातला ओलावा बहुधा वीस टक्क्यांच्या आतच. सासूबाईंचा उपाय घरचाच, छोट्या डबीत साजूक तूप. ओठांना, नाकपुडीत बोटानं. डबी शंभर मिलिलिटरच्या आतली हवी, नाहीतर तपासणीत काढून घेतात.

वर गेलं की पोटातला वायूही फुगतो, पावपटीनं किंवा थोडा जास्तच. साधं विज्ञान आहे, बाहेरचा दाब कमी. पण परकराची नाडी मात्र फुगत नाही! आदल्या दिवशी उसळी, कोबी नको, विमानात ती फसफसणारी पेयं नकोत आणि कंबर सैल हवी. मी सासूबाईंना सलवार-कमीज सुचवून पाहिलं. "या वयात?" एवढंच म्हणाल्या. मग आमच्या शिंपीदादांनी परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घालून दिलं. सुती सहावारी, इलॅस्टिकचा परकर, सैल बूट. हा पोशाख आता सांगलीत बराच चालतो म्हणे!

जेवणाचं एक सांगायलाच हवं. विश्रामबागच्या एक शाकाहारी काकू, मुलानं तिकीट काढताना यादीतलं 'हिंदू मील' निवडलं. काकूंपुढे चिकन आलं. विमानाच्या भाषेत हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं, पण बहुधा सामिष. आपल्याला हवं असतं ते 'एशियन व्हेजिटेरियन', आणि कांदा-लसूण नको तर 'जैन मील'. तेही निदान एक-दोन दिवस आधी कळवावं लागतं. काकूंनी दही आणि पावावर अमेरिका गाठली. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या बरोबर असलेल्या बऱ्या, फक्त उतरण्यापूर्वी संपवा. फळं तर तिथं आत नेऊच देत नाहीत.

व्हीलचेअरबद्दल मात्र माझं मत थोडं कडू आहे. आपल्याकडे पाय ठणठणीत असताना, केवळ इंग्रजी येत नाही आणि रांग नको, म्हणून ती मागणारे खूप. भीती मला कळते. अनोळखी विमानतळ, पाट्या वाचता येत नाहीत, चुकलो तर? पण खुर्च्या मोजक्या असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्यानं दोन खुर्च्या सांगितल्या होत्या, मिळाली एक. ऐंशी वर्षांचे ते गृहस्थ बायकोला खुर्चीत बसवून चालत निघाले आणि वाटेत कोसळले, गेले. विमान कंपनीला तीस लाखांचा दंड झाला. दंडानं काय होतं? म्हणून मी सांगते, गुडघे, हृदय, तोल यांची खरी अडचण असेल तर अजिबात लाजू नका, तिकिटाबरोबरच सांगून ठेवा आणि मिळेपर्यंत हलू नका. अडचण नुसती भाषेची असेल तर कागदावर विमानाचा नंबर, पुढचं गेट, मुलीचा फोन मोठ्या अक्षरांत लिहून तो दाखवत चला. आणि चालता येत असेल तर चालाच की! दोन विमानांमधल्या त्या चार तासांत चालण्यासारखं औषध नाही.

२०२३ च्या मे महिन्यात सासूबाई पुन्हा निघाल्या, या वेळी मी बरोबर. त्यांचं वय एकाहत्तर, एकदा गुठळी झालेली, म्हणून महिनाभर आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पायाची मापं घेऊन गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे, कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, लिहून दिले आणि प्रवासापुरतं एक औषधही. औषधाचं नाव मी इथं मुद्दाम देत नाही, कारण उद्या तुम्ही ते वाचून दुकानात जाल. 'रक्त पातळ राहायला एक ॲस्पिरिन घ्या' हा सल्लाही शेजारणीकडून घेऊ नका. मोजेसुद्धा मापाचेच हवेत. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा मधुमेहानं पायाची संवेदना गेली असेल तर ते अपायच करतात. ते चढवणं म्हणजे उशीला लहान अभ्रा घालण्यासारखं. सकाळी उठल्या-उठल्या, पाय सुजण्याआधी, सांगलीतच घातले. सासूबाई म्हणाल्या, "लढाईला चाललेय का मी?"

मोटारीतही दर दोन तासांनी उतरायचं असं मी ठरवलं होतं. विमानात कडेची सीट त्यांची, मधली माझी. घड्याळ लगेच अमेरिकेच्या वेळेवर लावलं आणि तिथं रात्र असेल तेव्हाच झोपायचं, असं ठरलं. मी त्या वेळेला टक्क जागी होते हा भाग वेगळा. झोपेची गोळी मात्र घ्यायची नाही. गोळी घेऊन माणूस गुडघे मुडपून सहा तास ओंडक्यासारखं पडतं, म्हणजे पुन्हा तेच. कमरेच्या खोलगट भागात शालीची गुंडाळी, मानेला ती अर्धगोल उशी. आणि तासा-तासाला पायांचा उद्योग. टाच टेकवून चवडे वर, चवडे टेकवून टाचा वर, वीस-वीस वेळा. "शिवणयंत्र चालव," असं मी शिकवणीत सांगते, ते आज्यांना बरोबर कळतं.

पाचव्या तासाला माझा डोळा लागला. जागी झाले तर शेजारची सीट रिकामी. छातीत धस्स झालं. मागे गेले, तर विमानाच्या शेपटाशी, जिथं त्या मुलींचं स्वयंपाकघर असतं तिथं, सासूबाई एका हातानं कपाटाची कड धरून टाचा उचलत उभ्या. शेजारी एक पंजाबी आजी, त्यांचं बघून तेच करत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सासूबाई मोजत होत्या मराठीत, त्या पंजाबीत. एक गोरी मुलगी पाण्याचे दोन पेले घेऊन उभी. मला बघून सासूबाई म्हणाल्या, "तू झोप गं. आमचं चाललंय."

आठ आठवडे राहून आम्ही परतलो. पाय जसे गेले तसे आले. मुंबईहून सांगलीची गाडी केली, पहाटेची. मी अगदी मेलेल्यासारखी मागच्या सीटवर पडले होते. सातारा मागे पडल्यावर सासूबाई सरळ पुढे वाकल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "बाबा रे, पुढच्या पंपावर गाडी घे. मला लघवीला जायचंय." चोवीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. ड्रायव्हर जरा गडबडला. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "वैनी, थांबवू का मग?"

"तिला काय विचारतोस?" सासूबाई म्हणाल्या. "मी सांगतेय ना. आणि पाण्याची बाटली पण घे एक, ही संपली."